बैठक आणि देहप्रमाण

आमच्याकडे जानुशूल घेऊन येणाऱ्या तरुणांत अलीकडे व्यायामशाळेत वजनासह बैठका मारणारे पुष्कळ असतात. ‘गुडघा बोटांपुढे जाऊ देऊ नका’ हा नियम बहुतेकांना सरसकट शिकविलेला असतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघे असे अडविले असता जानुसंधीवरील भार थोडा घटला, परंतु नितंबसंधीवरील भार अनेक पटींनी वाढला.

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेतील संहनन व प्रमाण येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. मांडी तुलनेने लांब असेल तर तोल राखण्यासाठी धड पुढे झुकणारच. तो दोष नव्हे. अशांनी पावलांतील अंतर वाढवून बोटे किंचित बाहेर वळवावीत. घोटा ताठर असल्यास टाच उचलली जाते. टाचेखाली अर्ध्या इंचाची फळी बहुधा पुरते. (तालमीतल्या बैठकीतही टाच उचलतात, पण तेथे खांद्यावर लोखंड नसते.) खाली जाताना कंबरेचा नैसर्गिक बाक मोडू लागला, की त्या व्यक्तीची खोली तेथे संपली. शेजारी जमिनीपर्यंत बसतो म्हणून आपणही बसावे, असे नाही.

वजन वाढविताना नवशिक्याने वाग्भटोक्त अर्धशक्ती सोडू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की गुडघ्यासाठी तेल मागणाऱ्या तरुणास ‘बैठक कशी मारता?’ एवढे अवश्य विचारावे. गुडघा सुजत, अडकत वा निसटत असेल, तर तेल देऊन न पाठविता वैद्याकडे पाठवावे.