गव्हाचं फूल कुणी पाहिलंय?

मोगरा, शेवंती, अबोली यांच्यावर मराठीत हवं तेवढं लिहिलं गेलंय. गव्हाच्या फुलावर कुणी शाई खर्च केल्याचं मला तरी आठवत नाही. त्यात नवल नाही, कारण ते फूल फूल वाटतच नाही. पाकळी नाही, वास नाही, मधमाशीला आमंत्रण नाही. ओंबी पोटरीतून बाहेर पडली की थोड्या दिवसांत तिच्या अंगावर दोऱ्याला टांगल्यासारखे पिवळट कण लोंबायला लागतात. ते परागकोश. आपण म्हणतो, गहू फुलोऱ्यात आला. गंमत म्हणजे तोवर त्या फुलाचं मुख्य काम बहुतेक वेळा उरकलेलं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानातला गव्हाचा दाणा आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तिथली गोष्ट दाणा जमिनीत पडतो तिथून सुरू होते. मला पडलेला प्रश्न त्याच्या आधीचा आहे: हा दाणा मुळात झाला कसा, आणि त्याच्या शेजारचा का झाला नाही?

एक फूल उघडून बघितलं तर दोन तुसांच्या आत तीन पुंकेसर, एक अंडाशय आणि त्यावर पिसासारखे दोन तुरे दिसतात. तळाशी दोन इवले खवले असतात. ते पाण्याने फुगतात आणि तुसं थोडा वेळ बाजूला सारतात. पराग बहुधा स्वतःच्याच फुलात पडतो. एका फुलातून जास्तीत जास्त एकच दाणा मिळतो. म्हणजे ओंबीतले दाणे मोजणं म्हणजे तगलेली फुलं मोजणं.

'तगलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. गव्हाची ओंबी म्हणजे एका दांड्यावर डावी-उजवीकडे बसवलेले वीसेक छोटे झुपके. शास्त्रात त्यांना स्पाइकलेट म्हणतात. झुपके किती, हे फार लवकर ठरतं. पीक कांडी धरायच्या सुमारास खोडाच्या आत काही मिलिमीटरची ओंबी तयार असते. तिच्या टोकाला शेवटचा झुपका बसला की तो हिशोब बंद होतो. फुलांचं मात्र तसं नाही. प्रत्येक झुपक्यात एकामागून एक फूल धरत जातं, आठ, दहा, कधी त्याहून जास्त. आणि कापणीला त्या झुपक्यात दाणे मिळतात दोन ते चार. बाकीची फुलं उमलण्याआधीच, पोटरीच्या आत, कुणाला न दिसता मरून जातात.

का मरतात? कारण नेमक्या त्याच दिवसांत खोड झपाट्याने उंच होत असतं. पानांनी बनवलेली साखर एकच, मागणारे दोन: खोड आणि ओंबी. झुपक्याच्या तळाची दोन फुलं आधी जन्मलेली, त्यांची पंगत आधी बसते. वरची धाकटी उपाशी राहतात. मेक्सिकोतल्या याकी खोऱ्यात टोनी फिशर या शास्त्रज्ञाने गव्हाच्या उभ्या पिकावर वेगवेगळ्या वेळी सावली धरून पाहिली. फुलोऱ्याआधीच्या साधारण महिन्याभरात सावली केली, की दाण्यांची संख्या सगळ्यात जास्त घटली. उष्णतेचंही तसंच आहे. गरम हवेत वाढीचे टप्पे भराभर उरकतात, पण दिवसाचं ऊन तेवढंच राहतं. त्यामुळे साखर साठवायला दिवसच कमी मिळतात. थंड आणि लख्ख उन्हाचा हिवाळा गव्हाला का मानवतो, ते यात आलं. आपल्या दक्षिणेकडच्या आखूड थंडीत तो का कुरकुरतो, तेही.

महाराष्ट्रातल्या गहू उत्पादकांना एक शिफारस माहीत असते: एकच पाणी देता येणार असेल, तर ते पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी द्या. मला हा आकडा आधी उगाच ठोकून दिल्यासारखा वाटायचा. पण तेव्हा पीक कांडी धरत असतं, आणि आत फुलांच्या जगण्या-मरण्याचा काळ सुरू व्हायला आलेला असतो. ओंबी निसवल्यावर कितीही पाणी पाजलं तरी मेलेलं फूल परत येत नाही. जी उरलीत त्यांचे दाणे तेवढे भरतात.

आता हरितक्रांतीकडे बघा. शाळेत आपण शिकलो की बुटका गहू खत घालूनही लोळत नाही, म्हणून उत्पन्न वाढलं. खरंय, पण अर्धंच. जपानच्या नोरिन 10 या 1935 च्या वाणातली बुटकेपणाची जनुकं अमेरिकेत ऑर्विल व्होगेल यांच्याकडून नॉर्मन बोरलॉग यांच्यापर्यंत पोचली, आणि पुढे मेक्सिकोतून आपल्याकडे आली. खोडच आखूड, त्यामुळे त्याची साखरेची भूक कमी. वाचलेली साखर ओंबीकडे गेली आणि एरवी मेली असती अशी फुलं जगली. बोरलॉगना 1970 चं शांततेचं नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी ही वाचलेली फुलंही होती.

फुलांना आवरणारं जनुकही सापडलंय. 2019 मध्ये शून सकुमा आणि सहकाऱ्यांनी जीएनआय-1 या जनुकावर संशोधन प्रसिद्ध केलं. झुपक्यातल्या वरच्या फुलांची वाढ रोखणं हे त्याचं काम. ते दुबळं पडलं की जास्त फुलांना दाणे धरतात. याच्याच नात्यातलं जनुक बार्लीत बंद पडलं, आणि दोन ओळींच्या कणसाचं सहा ओळींचं झालं.

मग सगळीच फुलं जगवली तर? इथे अडतं. उमलताना अंडाशय जेवढा मोठा, साधारण तेवढा दाणा मोठा होऊ शकतो, आणि उशिरा जन्मलेल्या वरच्या फुलांचे अंडाशय लहानच असतात. संख्या वाढली की सरासरी वजन बऱ्याचदा उतरतं. शिवाय परागकण घडत असताना तापमान तिशीच्या वर गेलं तर पराग वांझ निघतात, फूल दिसायला धड पण आत काही नाही. 2022 च्या मार्चमधली उष्णता त्यानंतर आली. उत्तरेत तेव्हा फुलोरा बराचसा होऊन गेला होता, मार बसला तो दाणे भरण्याला. सरकारने मे महिन्यात निर्यात थांबवली. दाणे संख्येने कमी होणं आणि बारीक राहणं, या दोन वेगळ्या दुखण्यांना आपण बातम्यांत एकच नाव देतो.

शेवटी आपल्या खपलीबद्दल, कारण बेळगाव, बागलकोट, सांगली या पट्ट्यात ती अजून टिकून आहे. तिच्या झुपक्यात साधारण दोनच दाणे धरतात, आणि मळणी झाली तरी तुसं दाण्याला सोडत नाहीत. कांडावीच लागते. साध्या गव्हात क्यू नावाच्या जनुकातल्या बदलाने तुसं सैल झाली. खपलीत ती घट्टच राहिली. पुढच्या वेळी खपलीची खीर खाताना आजीला विचारा, उखळात ती नेमकं काय वेगळं करायची. फुलाची तुसंच ती.