112 पिनांची परिक्रमा

नागपूरहून निघालेली मोटरसायकल खवासा, सिवनी, लखनादौन, बरगी करत तिलवारा घाटाच्या पुलावर नर्मदा ओलांडते आणि जबलपुरात शिरते. अंतर सुमारे 270 किलोमीटर. दुचाकीवर परिक्रमा करणारेही उत्तर तटाने अमरकंटककडे जाताना याच भागातून जातात, फक्त त्यांना पूल ओलांडायचा नसतो. मुक्कामी पोचल्यावर हवा, ब्रेक, पेट्रोल सगळं तपासलं जातं. चेनकडे मात्र सहसा कोणी वाकून बघत नाही. त्या 270 किलोमीटरांत तिनं काय सोसलं याचा हिशोब मांडून पाहिला, तर असं दुर्लक्ष करायला मन धजावणार नाही.

हिशोबासाठी रोजच्या वापरातली 100 सीसीची गाडी घेऊ. 428 नंबरची चेन, 112 कड्यांची. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत 12.7 मिलिमीटर. पुढच्या स्प्रॉकेटला 14 दात, मागच्याला 42. मागचं चाक एका फेऱ्यात सुमारे 1.9 मीटर रस्ता कापतं. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे निघतील, पण चित्र बदलणार नाही.

एका किलोमीटरला चाक सुमारे 526 वेळा फिरतं. दर फेऱ्याला 42 कड्या, म्हणजे किलोमीटरमागे 22,100 कड्या स्प्रॉकेटवरून जातात आणि अख्खी चेन 197 वेढे पुरे करते. नागपूर ते तिलवारा हे वेढे होतात 53 हजार. पुढच्या स्प्रॉकेटवर येऊन बसणाऱ्या कड्यांची संख्या जाते 60 लाखांच्या घरात. ताशी 60 च्या वेगाला सेकंदाला 368 कड्या तिथं आदळत असतात. म्हणून चेनचा आवाज आपल्याला टकटक असा येत नाही, सलग घुमल्यासारखा येतो.

हे झालं वरवरचं. खरी झीज डोळ्यांना दिसतच नाही.

प्रत्येक कडी एका वेढ्यात चार वेळा हलते. पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकते, उतरताना सरळ होते. मागच्यावर पुन्हा तेच. पुढं 14 च दात असल्यामुळं तिला जवळजवळ 26 अंश वाकावं लागतं, मागं साडेआठ अंशांवर भागतं. दर वेळी आतली पिन आपल्या बुशमध्ये, म्हणजे भोवतीच्या बारीक नळीत, तेवढीच फिरते आणि घासते. पिनेची जाडी साडेचार मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळं एका वेढ्यात घासण्याचं अंतर होतं जेमतेम 2.7 मिलिमीटर.

आता हे 2.7 मिलिमीटर गुणत जा. किलोमीटरमागे अर्धा मीटर. नागपूर ते तिलवारा 143 मीटर. गाडी 22,000 किलोमीटर चालली की एकेक पिन आपल्या बुशमध्ये पावणेबारा किलोमीटर घासलेली असते. अशा पिना 112. सगळ्यांची बेरीज होते सुमारे 1,308 किलोमीटर. नर्मदेची लांबी, अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत, 1,312 किलोमीटर आहे!

आणि हे घासणं निवांतपणे होत नाही. चारांपैकी दोन वेळा, मागचं स्प्रॉकेट सोडताना आणि पुढचं धरताना, चेन पूर्ण ताणात असते. पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण पिळला तर 100 सीसीच्या गाडीतही हा ताण 300 किलोच्या पुढं जाऊ शकतो. एवढं सगळं सोसून चेन निकामी कधी ठरते? लांबी 2 टक्के वाढल्यावर. म्हणजे 1,422 मिलिमीटरच्या चेनमध्ये 28 मिलिमीटर वाढ, दर सांध्याला फक्त पाव मिलिमीटर. मैलोन्‌मैल घासून पाव मिलिमीटर! मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं 1880 मध्ये बुश आणि रोलरच्या चेनचं पेटंट घेतलं, त्याची ही करामत. मला ती विसाव्या शतकातल्या कितीतरी गाजलेल्या शोधांपेक्षा मोठी वाटते.

‘चेन ताणली गेली’ असं आपण म्हणतो, पण पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुश झिजून सांधे सैल होतात. आतल्या कडीचं माप तसंच राहतं, बाहेरची कडी अर्ध्या मिलिमीटरनं वाढते.

देशाचा आकडा आणखी दांडगा आहे. 2023-24 या आर्थिक वर्षात भारतात 1 कोटी 16 लाखांहून अधिक मोटरसायकली विकल्या गेल्या. प्रत्येकीला अशीच चेन धरली तर एका वर्षात 130 कोटी सांधे रस्त्यावर आले. त्या चेन टोकाला टोक जोडल्या तर 16 हजार किलोमीटरच्या पुढं जातील. पृथ्वीचा व्यास आहे 12,742 किलोमीटर.

या सांध्यांचा वैरी म्हणजे वाळू. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ असतो आणि तो चेनच्या पट्ट्यांपेक्षा कठीण असतो. घाटावर गाडी वाळूत घातली, वर जाड ग्रीस थापलेलं असलं, की ते मिश्रण उगाळल्यासारखं धातू खात बसतं. बाहेरून थापलेलं ग्रीस पिनेपर्यंत पोचतही नाही. म्हणून वाळू अडवणारं चेनकव्हर शोभेसाठी काढून टाकणं मला सरळ नुकसानीचं वाटतं. पातळ चेन ल्यूब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल साधारण 500 किलोमीटरला, गाडी चालून चेन कोमट असताना द्यावं. चाक हातानं फिरवत, खालच्या पदराच्या आतल्या बाजूनं, पट्ट्यांच्या फटीत. मग वरचं पुसून काढावं. इंजिन बंदच हवं, चालू चेननं बोटं गेली आहेत.

चेन अती घट्ट करू नका. बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. माणूस बसला, शॉकअप दबला की चेन आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढलं जातं. बदलायची वेळ आली तर पैसे वाचवायला नुसती चेन घेऊ नका. जुने दात वाढलेल्या मापाला झिजलेले असतात, त्यांवर 12.7 ची नवी चेन नीट बसत नाही, भार दोन-तीन दातांवरच येतो आणि नवी चेनही अकाली जाते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.