मानेचे जुने दुखणे: दुसऱ्याचा हात आणि आपली मेहनत

(सिनेगॉगच्या सभागृहातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आजही आपल्या घरात कुणाची मान धरली, की प्रथम तेलाची वाटीच गरम होते. त्या वाटीची निंदा करण्यास मी उभी नाही. परंतु केवळ तिच्यावर विसंबून मी स्वतः दोन वर्षे वाया घालवली, ती हकिकत आधी सांगते.

मुंबईत परिचर्येची पदविका घेऊन मी इस्रायलला आले. रुग्णांना उचलण्या-वळवण्यात आयुष्य गेले. निवृत्तीनंतर माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली. दर आठवड्याला मी मालिश करून घेई. दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी मान पुन्हा लाकडासारखी! एकदा रस्ता ओलांडताना उजवीकडून येणारी विजेवरची सायकल मला दिसलीच नाही. ती माझ्या कोपराला घासून गेली. त्यानंतर मी कुपत खोलिमच्या डॉक्टरांकडे गेले, व त्यांनी मला फिजिओथेरपीसाठी पाठवले.

तिथली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने मानेचे स्नायू हाताने सैल केले, सांधे हलकेच हलवले आणि म्हणाली, “आठवड्याचे तास १६८. त्यांतला अर्धा तास माझा, बाकीचे तुमचे.” जन्मभर रुग्णांना उपदेश केलेल्या मला हे ऐकावे लागले!

आपल्या डोक्याचे वजन सुमारे ४ ते ५ किलो. ते मानेचे ७ मणके व भोवतीचे स्नायू पेलतात. डोके पुढे झुकले, की मागच्या स्नायूंवर भार वाढतो आणि ते आखडतात. हाताच्या उपचाराने ते सैल पडतात, वेदना मंदावते व काही काळ मान मोकळी वळते. ‘सरकलेला मणका जागेवर बसला’ असे आपण म्हणतो, तसे काही घडत नाही. त्या मोकळ्या काळात व्यायाम केला, तरच मोकळेपणा टिकतो.

व्यायाम चार. खुर्चीत ताठ बसून करावेत.

१. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्यावी. ५ सेकंद थांबावे. १० वेळा.

२. उजव्या हाताने खुर्चीची कड धरून डावा कान डाव्या खांद्याकडे न्यावा. २० ते ३० सेकंद थांबावे. दोन्ही बाजूंना ३-३ वेळा. खांदा वर उचलू नये.

३. मान अर्धी वळवून त्याच बाजूच्या काखेकडे पाहावे. थांबणे व मोजणी वरीलप्रमाणेच.

४. पाठीची दोन्ही फरे एकमेकांजवळ आणावीत. ५ सेकंद, १० वेळा.

ताण जाणवावा, कळ नव्हे. हाताला मुंग्या आल्या तर थांबावे. श्वास रोखू नये. गुण येण्यास काही आठवडे लागतात, धीर धरावा.

आता इशारा. मुंबईचा न्हावी दाढीनंतर मान कडकन मोडून देई, ते आपल्या पुरुषमंडळींना आठवत असेल. तसे कुणाकडूनही करून घेऊ नये. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांतून वर जाते. अचानक पिळल्याने क्वचित तिला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. हाडे ठिसूळ असतील, आमवात असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मालिशीपूर्वीही डॉक्टरांना विचारावे. पडल्यानंतरचे दुखणे, ताप, हातापायांतली शक्ती कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मानेबरोबर छाती किंवा जबडा दुखून घाम फुटला, तर तेल चोळत बसू नये. मागेन दाविद आदोमला १०१ वर फोन करावा.

शेवटी एक लहानशी गोष्ट. प्रार्थनेच्या वेळी सिद्दूर मांडीवर न ठेवता छातीच्या उंचीवर धरावा. शब्बाथला व्यायाम करावा की नाही, हे रब्बींना विचारावे. उरलेल्या सहा दिवसांसाठी मात्र सबब नाही.

मी आता रस्ता ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडे नीट पाहते. तेलाची वाटी अजूनही गरम होते. फक्त व्यायाम आधी होतो.