रुग्णाच्या तीन कसोट्या

२०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमधील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरविली. वापरलेल्या वनस्पतीची ओळखच पटविलेली नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दोन्ही मते शेजारी शेजारी आली. ज्यास द्रव्यगुणशास्त्र ठाऊक नाही व यकृताच्या तपासण्याही उमगत नाहीत, त्या सामान्य मनुष्याने कोणाचे खरे मानावे?

असा मनुष्य विषयाची परीक्षा करू शकत नाही. म्हणून तो सांगणाऱ्याची परीक्षा करतो. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाच्या हेंड्रिक्स, किनहुएस व ब्रोमे या संशोधकांनी २०१५ साली या परीक्षेचे मोजमाप सिद्ध केले. संगणकावर तज्ज्ञाचे लेखन वाचणारा वाचक तीन कसोट्या लावतो : तज्ज्ञता, सचोटी आणि हितबुद्धी. आपणांस हे नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शास्त्रज्ञान, कर्माभ्यास व दक्षता यांच्या जोडीला शौच सांगितले आहे. रुग्णाविषयी मैत्री व कारुण्यही तेथेच सांगितले आहे. केवळ विद्वत्ता पुरेशी नाही, हे त्याचे तात्पर्य होय.

याच संशोधकांच्या २०१६ सालच्या अभ्यासात असे दिसले की, लेखनातील त्रुटी दुसऱ्याने दाखविण्याऐवजी लेखकाने स्वतःच सांगितली, तर वाचक त्यास अधिक सचोटीचा व हितचिंतक मानतात. त्याच विद्यापीठातील क्योनिग व युक्स यांनी २०१९ साली दाखविले की, आक्रमक भाषेने तज्ज्ञाची विश्वासार्हता घटते.

यावरून आपला मार्ग स्पष्ट होतो. आधुनिक चिकित्सकांवर तुटून पडल्याने गुळवेलीची प्रतिष्ठा वाढत नाही. द्रव्य कोणते, कोठून आले, त्याची ओळख कशी पटविली, मात्रा किती आणि ते कोणास देऊ नये, हे वैद्याने सांगावे. काविळीची लक्षणे दिसताच द्रव्य थांबवून यकृताची तपासणी करून घेण्यास बजवावे. औषधालयाच्या मालकांनी वेष्टनावर व विक्रीच्या वेळी हीच माहिती द्यावी. स्वतःच्या उत्पादनाची शिफारस करताना त्यातील आपला आर्थिक संबंध उघड करावा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी तीच अपेक्षा व्यक्त केली आहे.

मर्यादा सांगितल्याने एखादा ग्राहक परत जाईल. परंतु मर्यादा लपविल्याचे उघड झाले, तर त्याच्यासह आयुर्वेदावरील विश्वासही जाईल, असे आम्हांस वाटते.