ट्राम हवी, पण आमच्या दारात खड्डा नको!

गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलसमोरचा रस्ता खणला होता, आठवतंय ना? आधी पाण्याच्या पाइपसाठी. तो बुजवला, वर डांबर पडलं, आणि पंधरा दिवसांत केबलसाठी पुन्हा तोच रस्ता खणला! तेव्हा मेसच्या रांगेत जी काही 'जनमत चाचणी' चालायची ती इथे छापण्यासारखी नाही.

त्याच सुमारास मला सेमिनारसाठी विषय मिळाला तो एडिंबरोच्या ट्रामचा. सिव्हिलच्या पोराला बरा विषय मिळाला म्हणून मी खूश. रूळ, स्लॅब, ओव्हरहेड वायर, खर्च, सगळं स्लाइडवर टाकून सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "यात लोक कुठे आहेत रे?" मी गप्प. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी थोडी माहिती. ट्राम म्हणजे रस्त्यातच रूळ टाकून चालणारी विजेची गाडी. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. एडिंबरोत तर १९५६ सालीच ट्राम बंद झाली होती. मेट्रोसारखे खांब नाहीत की बोगदे नाहीत, त्यामुळे ती स्वस्त पडेल असं आपल्याला वाटतं. पण खरी मेख रस्त्याच्या खाली असते. रुळांखाली काँक्रीटचा स्लॅब येतो. उद्या त्याखालची पाण्याची लाइन फुटली तर ट्राम बंद करून स्लॅब फोडणार का? म्हणून पाणी, गॅस, टेलिफोन, ड्रेनेज हे सगळं आधी बाजूला सरकवावं लागतं. जुन्या शहरात या लाइन कुठून गेल्या आहेत याचे नकाशे भरवशाचे नसतात. लीथ भागात कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर २००९ मध्ये खणताना तर चर्चच्या जुन्या दफनभूमीतले सुमारे ४०० सांगाडे निघाले! आता हे कुठल्या बार चार्टमध्ये बसवायचं?

तर, मूळ योजना होती विमानतळापासून शहराच्या मध्यातून समुद्रकाठच्या न्यूहेवनपर्यंत. खर्च ५४ कोटी ५० लाख पौंड, सुरू व्हायची २०११ मध्ये. २००७ पासून लीथ वॉक या मोठ्या रस्त्यावर पाइप सरकवायचं काम सुरू झालं. दुकानांपुढे पत्रे लागले, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. पुढे ठेकेदार आणि महापालिकेची कंपनी यांच्यात भांडण जुंपलं, काम रखडलं. शेवटी मार्ग अर्ध्यातच तोडून यॉर्क प्लेसला संपवला. ३१ मे २०१४ ला १४ किलोमीटरची लाइन सुरू झाली, खर्च ७७ कोटी ६० लाख पौंड. म्हणजे लांबी कमी, वेळ तीन वर्षं जास्त आणि पैसे दीडपटीच्या जवळ. सर्वांत वाईट म्हणजे लीथवाल्यांनी खड्डे सोसले आणि ट्राम काही त्यांच्याकडे आलीच नाही!

आता अशा गावात जाऊन "लाइन पुढे वाढवू या का?" असं विचारा बघू. मला वाटलं होतं, सगळे एका सुरात 'नको' म्हणतील. पण तसं झालं नाही. मत चार-पाच वाटांनी फुटलं.

पहिला गट म्हणत होता, एकदा हात पोळलेत, पुन्हा नको. पहिल्या लाइनच्या घोळाची चौकशी २०१४ मध्येच जाहीर झाली होती, तिचा अहवाल येईपर्यंत तरी थांबा. (तो अहवाल आला सप्टेंबर २०२३ मध्ये. थांबले असते तर बसलेच असते!) दुसरा गट म्हणे, लीथ वॉकवर चांगल्या बस आहेत, मग ट्राम कशाला? तिसरा गट दुकानदारांचा. त्यांचा ट्रामला विरोध नव्हता, विरोध होता खणण्याला. चौथा गट सायकलवाल्यांचा. रुळाशेजारच्या खाचेत सायकलचं चाक अडकतं. रूळ काटकोनाच्या जवळपास कोनात ओलांडला तर धोका कमी, पण गर्दीत तेवढी जागा मिळत नाही. २०१७ मध्ये असंच चाक अडकून पडलेल्या एका तरुण विद्यार्थिनीचा गाडीखाली येऊन मृत्यू झाला. त्यामुळे ही तक्रार नुसती कुरकुर नव्हती.

आणि पाचवा गट 'हो' म्हणणाऱ्यांचा. लीथ हा दाट वस्तीचा भाग, बंदराकडे नवी घरं होत होती, आणि एका ट्राममध्ये २५० माणसं मावतात. शिवाय मूळ लांब मार्गासाठी २७ ट्राम आधीच घेऊन ठेवल्या होत्या. मार्ग तुटल्यामुळे त्यातल्या काही जास्तीच्या ठरल्या. म्हणजे वाढीव लाइनसाठी नवीन गाड्या घ्यायची गरजच नव्हती.

मला शिकण्यासारखं वाटलं ते इथून पुढे. महापालिकेने २०१८ मध्ये आराखडे लोकांपुढे ठेवले. सूचना आल्यावर लीथ वॉकची रचना बदलली, सायकलसाठी वेगळी पट्टी घेतली. पहिल्या वेळच्या चुका पाहून जोखमीची रक्कम वाढवली, त्यामुळे अंदाज १६ कोटी ५२ लाखांवरून २० कोटी ७३ लाख पौंडांवर गेला. आकडा वाढला म्हणून ओरड झाली, पण तो निदान आधी सांगितलेला आकडा होता. मार्च २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. कामाची पद्धतही बदलली: रस्ता एकदाच खणायचा, पाइप आणि रूळ दोन्ही उरकायचे, मगच बुजवायचा. दुकानदारांच्या मदतीसाठी वेगळी योजना काढली. मध्ये कोविडमुळे काम थांबलं, तरी ७ जून २०२३ ला ४.६९ किलोमीटरची, आठ थांब्यांची लाइन न्यूहेवनपर्यंत सुरू झाली, आणि खर्च ठरलेल्या मर्यादेच्या आसपासच राहिला. २०१९ मध्ये वर्षाला सुमारे ७५ लाख प्रवासी होते, ते २०२४ मध्ये १ कोटी २० लाखांच्या आसपास गेले.

म्हणजे सगळं गोड झालं का? नाही. लीथ वॉकच्या सायकल पट्टीला एके ठिकाणी अशी नागमोडी वळणं दिली की तिचे फोटो जगभर चेष्टेचा विषय झाले. आणि २०२५ मध्ये उत्तर-दक्षिण अशा पुढच्या लाइनबद्दल मतं मागवली तेव्हा पुन्हा वाद पेटलाच. एक पर्याय जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारा, पण तिथे आता झाडी आहे, लोक चालतात, सायकली चालवतात. दुसरा रस्त्यावरून, पण त्यात टेलफर्डने बांधलेला जवळजवळ दोनशे वर्षांचा डीन ब्रिज येतो. काय निवडाल? माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही. आणि फक्त कॅल्क्युलेटरने ते निघणारही नाही, एवढं मला आता कळलंय.

सेमिनारच्या आदल्या दिवशी मी गेटवरच्या चहावाल्या काकांना विचारलं, "काका, रस्ता झाला ते बरं झालं ना?" काका म्हणाले, "रस्ता झ्याक झालाय. पण ते महिनाभर धंदा बसला, त्याचं काय? आधी कुणी सांगितलं असतं तर दूध तरी कमी घेतलं असतं."

मित्रांनो, काकांचा रस्त्याला विरोध नव्हता. त्यांना फक्त तारीख हवी होती. आपण मात्र अशा माणसाला पटकन 'विकासाच्या आड येणारा' म्हणून मोकळे होतो. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण पुण्यात, नागपुरात, ठाण्यात मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या साइटवर उभे असतील. 'नको' म्हणणारा माणूस भेटला तर एवढंच विचारा: नेमकं काय नको? ट्राम नको, खड्डा नको, की दुसऱ्यांदा खड्डा नको? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि त्यातली निदान दोन तरी आपल्या हातात असतात.

सेमिनारमध्ये मी काकांचं वाक्य शेवटच्या स्लाइडवर टाकलं. सर हसले, आणि मार्कही बरे मिळाले!