दगडफुलांच्या अभ्यासक : प्रोफेसर मर्गालित गालून

कोकणातल्या घरांत मसाला करताना धणे-खोबऱ्याबरोबर जे काळपट, पातळ दगडफूल तेलावर परततात, ते आपल्या बहुतेक वाचकांच्या ओळखीचे आहे. नाव दगडफूल असले तरी ते फूल नव्हे, आणि मसाल्यातले दगडफूल बहुधा दगडावर नाही तर झाडाच्या सालीवर वाढते. शास्त्रीय मराठीत या प्रकारच्या जीवांना शैवाक म्हणतात, हिब्रूत खझाझीत. इस्राएलमधील खझाझीतचा पद्धतशीर अभ्यास प्रथम ज्यांनी केला, त्या तेल अवीव विद्यापीठाच्या प्रोफेसर मर्गालित गालून (1927–2012) यांची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

त्यांचे काम समजण्यासाठी आधी शैवाक म्हणजे काय ते पाहू. शैवाक हा एक जीव दिसतो, पण असतात दोन : शैवाल आणि कवक, म्हणजे शेवाळ आणि बुरशी. बुरशी दगडाला किंवा सालीला घट्ट धरून राहते आणि ओलावा टिकवते. तिच्या आत राहणारे शेवाळ उन्हाच्या मदतीने अन्न तयार करते आणि त्यातला वाटा बुरशीला मिळतो. स्वित्झर्लंडचे सिमोन श्वेंडेनर यांनी 1867 साली हे प्रथम मांडले, तेव्हा त्या काळच्या नामवंत अभ्यासकांनी त्यांची थट्टा केली. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

गालून यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम म्हणजे मोजदाद. गालीलच्या पावसाळी डोंगरांपासून नेगेवच्या वाळवंटापर्यंत कोणत्या जाती कुठे वाढतात, हे पाहायचे, नमुने गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि नोंदवायचे. त्यातून ‘इस्राएलचे शैवाक’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ तयार झाला आणि 1970 साली इस्राएलच्या विज्ञान अकादमीने तो प्रसिद्ध केला.

दिमोना आणि बेएर शेवा येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांना वाटेल, वाळवंटात काय उगवणार? पण नेगेवमध्ये पाऊस थोडा असला तरी दव पुष्कळ पडते. 1960च्या दशकात अवदात येथे जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे यांनी तिथल्या एका शैवाकावर प्रयोग केले. तो रात्रीचे दव शोषून घेतो, सूर्य उगवल्यावर दोन-तीन तास अन्न तयार करतो आणि ऊन तापले की वाळून स्वस्थ पडून राहतो. मेला असे वाटते, पण दुसऱ्या पहाटे पुन्हा जिवंत!

गालून यांच्यापुढे आणखी एक प्रश्न होता. बुरशीला आपले शेवाळ कसे ओळखू येते? जुन्या भिंतींवर पिवळा-नारिंगी दिसणारा झांथोरिया नावाचा शैवाक त्यांनी आणि त्यांचे सहकारी बुब्रिक यांनी त्यासाठी घेतला. त्यातून त्यांनी काही प्रथिने वेगळी काढली. प्रयोगशाळेत वेगळ्या वाढवलेल्या त्याच्या शेवाळाच्या पेशींना ही प्रथिने चिकटतात, असे त्यांना 1980च्या सुमारास आढळले. जोडीदार ओळखण्याच्या खुणेचा हा एक धागा होता. अशा सहजीवनाच्या अभ्यासासाठी त्यांनी 1985 साली ‘सिम्बायोसिस’ हे नियतकालिक सुरू केले. 1988 साली त्यांनी संपादित केलेला शैवाकशास्त्राचा तीन खंडांचा संदर्भग्रंथ निघाला. या शास्त्रातले मानाचे अखारियस पदकही त्यांना मिळाले. लखनौचे प्रोफेसर धरणीधर अवस्थी हेही या पदकाचे मानकरी आहेत.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आपल्या श्वासाशी आहे. शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार तो हवेतून आणि पावसातून सर्वांगाने घेतो, त्यामुळे हवेतले विषही त्याच्या अंगात साठते. गालून यांचे सहकारी याकोव गार्टी यांनी रामात मेनाशे भागातील हाझोरेआच्या जंगलातून शैवाक असलेल्या डहाळ्या आणून निरनिराळ्या ठिकाणी टांगल्या आणि काही महिन्यांनी त्यात शिसे व इतर धातू किती साठले ते मोजले. महागड्या यंत्राचे काम एका डहाळीने केले. हवा फारच बिघडली तर नाजूक जाती मरून जातात. कोणती जात नाहीशी झाली हे कळायला आधी कोणत्या होत्या हे लिहिलेले असावे लागते. गालून यांच्या मोजदादीचे मोल इथे कळते.

शैवाक अतिशय सावकाश वाढतो, काही जाती तर वर्षाला एक मिलिमीटरही नाही. दगडावरचा तळहाताएवढा डाग आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. म्हणून जुन्या भिंतीवरचे किंवा झाडाच्या खोडावरचे हे डाग घाण समजून खरवडू नयेत, एवढी आमची वाचकांना विनंती आहे. सकाळी फिरायला जाताना नातवंडे बरोबर असली तर त्यांना ते जरूर दाखवा. खझाझीत हा शब्द त्यांना शाळेत मिळेल, दगडफूल हा मात्र आपल्याकडूनच मिळेल.