अंगणातला स्लाइम

सावकाश ओढला तर तारेसारखा लांबत जाणारा आणि हिसका दिला तर कचकन तुटणारा ‘स्लाइम’ हा लिबलिबीत पदार्थ बालविश्वात आता मानाचे स्थान पटकावून बसला आहे. पालकांच्या लेखी मात्र त्याची ओळख निराळी असते. सोफ्याच्या कापडात मुरलेला डाग, केसांत गुंतलेला गोळा आणि थोड्याच दिवसांत वाळून गेलेली विकतची डबी! या तक्रारींवर उपाय अगदी साधा आहे. स्लाइम घरी करावा आणि खेळ मात्र घराबाहेर, अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत मांडावा. तो कशाचा करावा, हा प्रश्न मात्र थोडा बारकाईने पाहण्याजोगा आहे.

‘मॅटेल’ या अमेरिकन खेळणी-कंपनीने १९७६ मध्ये हिरव्या रंगाचा स्लाइम छोट्या कचरापेटीच्या आकाराच्या डबीत भरून बाजारात आणला. त्यातील मुख्य घटक होता गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक, म्हणजेच ग्वार गम. ज्या गवारीच्या भाजीकडे पाहून आपली मुले नाक मुरडतात, तिच्याच बियांनी परदेशी मुलांना वेड लावले, हा योगायोग गमतीचा खरा! जगातील गवारीचे बहुतांश उत्पादन भारतात होते आणि त्यातही राजस्थानच्या कोरड्या जमिनीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या डिंकाचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. पाण्यात ते फुगतात आणि पाणी दाट होते. त्यात बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, मिसळला की या साखळ्या जागोजागी एकमेकींशी जोडल्या जातात. गर्दीतील माणसांनी परस्परांचे हात धरावेत, तसेच हे असते. हळूहळू ओढले तर एक हात सुटून दुसरा धरायला वेळ मिळतो आणि गोळा लांबत जातो. झटका दिला तर हात धरायला अवधीच उरत नाही आणि तो तुटतो. सुतारकामाच्या किंवा शाळेच्या हस्तकलेच्या पांढऱ्या गोंदातही असेच लांब रेणू असल्यामुळे घरगुती स्लाइमच्या बहुतेक कृती गोंद आणि बोरॅक्स यांवर आधारलेल्या आढळतात.

वाणिज्यात रस असणाऱ्या वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. खडकांना भेगा पाडून तेल व वायू काढण्याच्या अमेरिकेतील पद्धतीत वाळू खोलवर वाहून नेण्यासाठी दाट द्रव लागतो. तोही ग्वार गम आणि बोरॉनची संयुगे यांच्या जोडणीतूनच तयार करता येतो. ही मागणी वाढली आणि २०११-१२ मध्ये गवारीचे भाव असे काही भडकले की मार्च २०१२ मध्ये तिचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. मुलांच्या डबीतील रसायन आणि जोधपूरच्या बाजारातील तेजी यांचे नाते इतके जवळचे आहे!

आता मुख्य मुद्दा टाकणखाराचा. सोनाराच्या भट्टीत तो उपयुक्त आहे. लहानग्यांच्या हातात मात्र तो नसलेलाच बरा. पोटात गेल्यास तो विषारी ठरतो, त्वचेची व डोळ्यांची आग करतो आणि युरोपीय संघाने त्याची गणना प्रजननक्षमतेस घातक पदार्थांत केली आहे. खेळता खेळता बोट तोंडात घालणे हा तर बालपणाचा स्थायीभाव! ‘बोरॅक्सविरहित’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही कृतींत कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावण वापरतात. त्यातही बहुधा बोरिक आम्ल अथवा त्याचे क्षार असतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. कॅरमच्या पटावर टाकायची पावडरही अनेकदा बोरिक आम्लाचीच असते. विकतचा स्लाइम घ्यायचाच झाला तर सुटा, नावगाव नसलेला माल टाळावा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

सुदैवाने याहून सुरक्षित सामग्री बहुतेक घरांत आधीच हजर असते. गुजरातमधील ऊंझ्याच्या बाजारपेठेतून देशभर पोहोचणारा इसबगोल हा त्यातला उत्तम पर्याय. एक कप पाण्यात सपाट चमचाभर इसबगोलाचा भुसा ढवळून मंद आचेवर ठेवावा. मिश्रण दुधासारखे उतू जाऊ पाहते. तसे होताच भांडे उतरवावे, फेस बसू द्यावा आणि पुन्हा तापवावे. चार-पाच वेळा असे केले की पाण्याचा अंश कमी होऊन भांड्यात झुलणारा, पारदर्शक लगदा उरतो. जितक्या वेळा तापवावे तितका तो घट्ट होतो. चुलीजवळचे हे काम सर्वस्वी मोठ्यांचे आहे, कारण गरम लगदा त्वचेला चिकटून भाजतो. पूर्ण निवल्यावर बीटचा रस घालून मुलांच्या स्वाधीन करावा. कोरडा भुसा मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो घशात फुगून अडकू शकतो. गोंदाच्या स्लाइमइतका हा गोळा ताणला जात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. बुळबुळीतपणात मात्र तो तसूभरही उणा नाही.

दुसरा पर्याय चुलीवाचून होणारा. दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर आणि सुमारे एक वाटी पाणी परातीत कालवावे. येथे मक्याचे पिवळे पीठ चालत नाही, पांढरे शुभ्र स्टार्चच हवे. या मिश्रणात बोट हळूच बुडवले तर ते सहज आत जाते. मूठ आपटली तर दगडावर आपटल्यासारखी थांबते! द्रव किती सहजतेने सरकतो याविषयीचा विचार न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. हे मिश्रण त्या साध्या नियमाला जुमानत नाही. जोर पडताच स्टार्चचे कण एकमेकांवर दाटून बसतात आणि वाट अडवतात. पाठ्यपुस्तकातील धड्यापेक्षा परातीतली ही मूठ मुलांच्या अधिक काळ लक्षात राहते.

असा खेळ उघड्यावर रंगतो तो त्याला माती, पाने, वाळू यांची साथ मिळते म्हणून. गोळ्यावर पिंपळपान दाबले तर शिरांचा ठसा उमटतो, बारीक वाळू मिसळली तर पोत बदलतो. उतारावर ठेवलेल्या दोन गोळ्यांपैकी कोणाचा आधी खाली पोहोचतो, यावर शर्यतीही लागतात. जागा सावलीची निवडावी. नागपूर किंवा जयपूरच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडून सारे कोरडे पडते. तसे झाल्यास पुन्हा चमचाभर पाणी शिंपडावे. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र हा सारा खटाटोप कशाला? तेथे अंगणच आयता स्लाइम होऊन पसरलेले असते.

दोन्ही मिश्रणांत टिकवण्याचे कोणतेही रसायन नसल्याने ती एक-दोन दिवसांत आंबतात. वास येऊ लागताच ती टाकून द्यावीत. न्हाणीघराच्या मोरीत ओतल्यास स्टार्च तळाशी बसून नळी तुंबते, म्हणून बागेच्या कोपऱ्यात मातीत मिसळणेच योग्य.

रंगासाठी चिमूटभर हळद वापरली असेल तर हात धुण्याचा कार्यक्रमही वेगळा प्रयोग ठरतो. पिवळ्या हातांना साबणाची वडी लागली की ते तांबडे होतात, कारण क्षाराच्या सान्निध्यात हळद रंग बदलते. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीमागेही हेच तत्त्व आहे. मुले आधी दचकतात, मग आणखी साबण मागतात. तांबड्या तळव्यावर अर्धे लिंबू पिळले की हळद पुन्हा पिवळी.